अडकलेलं बटण

नवऱ्याची पायलटच्या लायसन्सची परीक्षा आकाशात चालू होती. बायको फ्लाइंग क्लबच्या रेडिओसमोर नवाकोरा हेडफोन मांडीवर घेऊन बसली होती. पहिली प्रवासी तीच, असा शब्द होता. त्यासाठी रोज भांडी घासताना ती कंट्रोल टॉवर होऊन त्याचा सराव घेई. मध्येच विमानातलं बोलायचं बटण अडकलं आणि तिथल्या गप्पा क्लबात घुमल्या. “आता बायकोला फिरवणार म्हणा!” परीक्षक म्हणाले. “छे हो! तिच्या कटकटीतून सुटायलाच तर उडायला शिकलो!” सगळा क्लब चहाच्या कपात बघू लागला. टॉवर हाका मारत होता, पण बटण अडकलं की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. घरी त्याला बटणही लागत नसे. उतरल्यावर तो नाचतच आला. “पास! चल, पहिली प्रवासी तूच!” तिने हेडफोन पिशवीत टाकला. “एकटेच या फिरून. आम्ही इथून ऐकतो.”