विचारल्याशिवाय

पोळी तव्यावर टम्म फुगली, तसा तिनं डाव्या हातानं पुन्हा फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. खालच्या मजल्यावरची बाई काही उचलेना.

आतल्या खोलीत त्या बाईची मुलगी आणि तिची स्वतःची लेक बाहुल्यांचं हॉस्पिटल मांडून बसल्या होत्या. दोघी एकाच वर्गातल्या. या परक्या देशातल्या बऱ्याच पोरांसारखे खालच्या पोरीचेही केस पिंजल्यासारखे पांढुरके, चालली की भुरुभुरु उडायचे. म्हणून या घरात तिचं नाव पडलं होतं कापसाची म्हातारी. कामावरून सुटली की खालची बाई वर येऊन म्हातारीला घेऊन जायची. आज जेवायची वेळ झाली तरी तिचा पत्ता नव्हता.

"उचलत नाही?" नवऱ्यानं ताटं घेता घेता विचारलं.

"नाही ना."

"मग वाढ की म्हातारीला पण. एका पोळीनं काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुला काय जातंय बोलायला! मागच्या वेळी जिन्यात मान खाली घालून कोण उभं होतं? मी."

मागच्या वेळी तिनं म्हातारीला वाटीभर शिरा दिला होता. पोरीनं वाटी बोटानं पुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी खालची बाई जिन्यात भेटली. रागावली वगैरे नाही. हसून, अगदी हळू आवाजात म्हणाली, आमच्याकडे दुसऱ्याच्या मुलाला विचारल्याशिवाय काही खायला देत नाहीत. पुढच्या वेळी फोन कराल ना? चारचौघांत कुणी झापलं असतं तरी परवडलं असतं, असं ते हसणं होतं. तेव्हापासून ती शहाणी झाली. न सांगता कुणाची बेल वाजवायची नाही. लिफ्टमध्ये कुणाच्या बाळाचा गालगुच्चा घ्यायचा नाही. जेवायच्या वेळी आपल्या पोरीला हाक मारायची, दुसऱ्याची खेळत असेल तर खेळू द्यायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथं काही वर्षं काढायची होती. पाहुण्यासारखं अंग चोरून तरी किती दिवस राहणार? आणि परवाच ती बाई म्हणाली होती, तुम्ही किती लवकर आमच्यातल्याच झालात हो! ते ऐकल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"अगं, पण पोर उपाशी आहे," नवरा म्हणाला.

"हळू बोल. ऐकू जाईल."

"जाऊ दे की. तिला कुठं कळतंय आपलं बोलणं?"

तिनं गॅस बारीक केला आणि आत हाक मारली, "चला, हात धुवा. जेवायला."

लेक एकटीच आली. येताना खोलीचं दार व्यवस्थित ओढून घेऊन आली.

"दार कशाला लावलंस गं?"

"जेवताना लावून घ्यायचं असतं," लेक म्हणाली आणि मांडी ठोकून बसली.

पोरगी भराभर जेवत होती. तिच्या स्वतःच्या तोंडात मात्र घास नुसता फिरत होता. कान आतल्या खोलीकडे लागलेले. खोलीतून चिटपाखराचा आवाज नाही.

"काय करत असेल ती आत?"

"काय नाही. थांबली असेल."

"एकटीला वाईट वाटत असेल ना गं तिला?"

"त्यात काय वाईट?" लेकीनं भाजीतली मिरची ताटाच्या कडेला लावली. "मी नाही का थांबत त्यांच्याकडे, ते जेवतात तेव्हा?"

नवऱ्याचा हात ताटातच थांबला.

"त्यांच्याकडे गेलीस की... दर वेळी?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि भूक लागली की काय करतेस?"

"मग मी भिंतीकडे तोंड करून बसते. तिकडे वास कमी येतो." लेकीनं पाण्याचा घोट घेतला. युक्ती सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. "म्हातारीला पण शिकवलंय मी."

"घरी येऊन सांगायचं नाहीस का मला?" तिचा आवाज चिरकला.

लेक गोंधळली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. "तूच म्हणालीस ना, इथं राहायचं तर इथल्यांसारखं राहायचं. हट्ट करायचा नाही."

नवरा एरवी असल्या वेळी काहीतरी गंमत करायचा. आत्ता त्याला ताटातून मान वर काढवेना.

ती उठली. डब्यातली वरची, अजून ऊन असलेली पोळी काढली, तिच्यावर तूप ओतलं, साखर पसरली. अर्धी साखर ओट्यावरच सांडली. फोन तिथंच पडला होता, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. उष्ट्या हाताच्या कोपरानंच तिनं खोलीचं दार ढकललं.

म्हातारी दाराकडे पाठ करून, भिंतीला जवळजवळ नाक लावून बसली होती. मांडीवर एक बाहुली निजवलेली. दार उघडल्याचा आवाज झाला तरी ती वळली नाही.

"झालं का तुमचं जेवून?" तिनं तिच्या भाषेत भिंतीलाच विचारलं.