समोरची

फिलिपिन्सजवळ हैयान नावाच्या वादळात प्रबोधचं जहाज सापडलं, आणि कितीतरी दिवस त्याची खबर नव्हती. तो सुखरूप परतला, पण तेव्हापासून त्याच्या आईच्या, सुमित्राबाईंच्या घरात त्या वादळाचं नाव कुणी काढायचं नाही, असा दंडकच होता. त्यामुळे सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटसमोर राहणाऱ्या चिनी बाईने जेव्हा हसत हसत सांगितलं की तिचं नाव हैयान, आजोबांच्या गावाचं नावही हैयानच, तेव्हा सुमित्राबाईंनी मान डोलावली आणि पुढे कायम तिला नुसतं ‘समोरची’ म्हटलं.

प्रबोध जहाजावर असताना सुनेला, नीताला, अवेळी कळा सुरू झाल्या. समोरची गॅसवरचं तसंच टाकून धावली, टॅक्सी बोलावली आणि बाळ रडेपर्यंत तिने नीताचा हात सोडला नाही.

बारशाला पाळणा सजला. पण प्रबोध एकुलता एक, मुलीच्या कानात नाव सांगायला आत्या आणायची कुठून? सुमित्राबाई उठल्या, समोरचं दार वाजवलं आणि तिला हाताला धरूनच घेऊन आल्या. ‘ऋता’ म्हणताना तिची जीभ अडखळली, पण आत्याच्या पाठीत पडणारे धपाटे मात्र तिने हसत झेलले.

संध्याकाळी प्रबोधचा फोन आला. “आई, कानात नाव कोणी सांगितलं?”

सुमित्राबाईंनी समोरच्या दाराकडे पाहिलं. “हैयानने.”



“हैयानला सांग,” तो म्हणाला, “भाऊबीजेला येतोय.”