जुळलेले हात

“हात?” गावियाने हरभऱ्याच्या पातेल्यात फिरणारा डाव थांबवला. “माझा?”

“उजवा. जरा वेळच लागेल,” आर्तेमोन म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आर्तेमोन रोमच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरायचा. स्मिर्नाहून गुलाम म्हणून आला होता, केस पिकल्यावर मोकळा झाला. सम्राटाचं नाक, मानेच्या शिरा, डोक्यावरची पानांची माळ, सगळं त्याच्या हातचं. ते चेहरे लोक कमरेला बांधून हिंडत. त्याला मात्र गल्लीत कुणी ओळखत नव्हतं. रोज दुपारी तो गावियाच्या टपरीवर उभ्याउभ्या जेवायचा. “हरभरे” एवढंच बोलायचा आणि निघून जायचा. आज गिऱ्हाईक पांगलं तरी तो रेंगाळला होता.

“चांदीचं नवं नाणं निघतंय,” तो म्हणाला. “एकीकडे सम्राट, पाठीमागे दोन जुळलेले हात. राजाराणीचा एकोपा. बघून काढावे लागतात.”

“मग राजवाड्यात जाऊन बघा की!”

“त्यांचे जुळलेले कुणी पाहिलेत?”

गाविया फसकन हसली. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. तिने हात पुसून पुढे केला.

आर्तेमोन डावखुरा. उजव्या हातात त्याने तिचा हात घेतला आणि डाव्याने मेणाच्या पाटीवर रेघा ओढू लागला. तिचा तळवा खरखरीत होता, ऊन होता. रेघ सरळ येईना. याआधी त्याचा हात कुणी हातात घेतला होता, तर तो गुलामांच्या दलालाने. बोटं धड आहेत का ते बघायला.

“झालं,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “त्रास दिला तुम्हाला.”

गावियाने गल्ल्यातून एक झिजलेलं नाणं काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यावर दोन जुळलेले हात होते.

“हे कुणी कोरलं?”

आर्तेमोनने मान खाली घातली. “मीच. जुनं आहे.”

“तेव्हा कुणाचा हात धरला होतात?”

“कुणाचाच नाही.” त्याने नाणं तिच्याकडे परत सरकवलं. “हे हात मी डोळे मिटूनही कोरतो.”

त्याने पाटी काखेत मारली. उद्यापासून जेवायला दुसरीकडे जायचं, त्याने ठरवून टाकलं.

गावियाने त्याला आत बोलावलं आणि टपरीची फळी आतून लावून घेतली. स्टूल पुढे सरकवलं.

“बसा,” ती म्हणाली. “अंगठा चुकलाय. पुसा सगळं, आणि पहिल्यापासून काढा.”