चित्राखालची कोरी जागा

म्हाताऱ्याचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित लाल असे, कारण ट्रॉलीबसच्या थांब्यावर वारा कायम डॅन्यूब नदीकडून येई. समोरच्या आपल्या घराच्या खिडकीतून नेवेनाने ती लाली चित्रात बरोबर उतरवली होती. आज तोच चेहरा थांब्याच्या खांबावर चिकटवलेल्या शोकपत्रावर होता. ती खाली उतरली आणि फोटोखालचं नाव तिने वाचलं. किरचो.

तिच्या चित्रांना नावं अशीच मिळत. शहरात कुणी गेलं की घरचे दारांवर, झाडांवर, थांब्यांवर असा कागद लावत. घरातल्या भिंतीवरच्या बऱ्याच चेहऱ्यांखाली आता नाव होतं. उरलेल्यांखाली कोरी जागा होती.

"आणखी एक का?" पावाच्या टपरीतून त्सोन्कामावशी म्हणाली. "अगं, जिवंतपणी विचारलंस तर काय दात पडतील तुझे?"

"काय सांगून विचारू? वर्षानुवर्षं चोरून बघतेय म्हणून?"

"मग बस गिधाडासारखी वाट बघत."

तेवढ्यात राखाडी कोटातली बाई थांब्यावर आली. नेवेनाने सगळ्यांत जास्त वेळा तिलाच रंगवलं होतं. आज कोट तिला फार सैल होत होता, आणि डोक्याला घट्ट बांधलेल्या रुमालाखाली केस नव्हते.

बस वळणावर दिसली. नेवेना त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मी समोर राहते, तुमची चित्रं काढते," ती म्हणाली. "तुमचं नाव मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय."