पोत्यावरचा हिरवा

राइस मिलच्या वेबसाइटवरून फरहा आणि तिचे बॉस प्रफुलभाऊ आठवडाभर भांडत होते. प्रफुलभाऊंना साधी स्टाइलशीट हवी होती: रंगाचा नंबर जिथे लागेल तिथे लिहायचा, झालं. फरहाने हट्टाने प्रीप्रोसेसर घेतला. त्यात रंगाचा नंबर सर्वात वरच्या ओळीत एकदाच लिहून त्याला एक नाव द्यायचं आणि पुढे सगळीकडे फक्त ते नाव वापरायचं.

"एवढ्याशा कामाले हे खूळ काऊन?" प्रफुलभाऊ कुरकुरले.

साइट दाखवायच्या दिवशी पोंभुर्ण्याचे मिलवाले शेठ चंद्रपूरच्या ऑफिसात पोतं घेऊनच आले. "स्क्रीनवरचा हा हिरवा आमच्या पोत्यावरचा नाई."

प्रफुलभाऊंचा चेहरा उतरला. "हा रंग बासष्ट जागी आहे, शेठ. परवा या."

"बसा, आत्ताच करते," फरहा म्हणाली. "अब्बा, जरा इकडे या."

तिला न्यायला आलेले इब्राहीम पेंटर बाकावरून उठले. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या हाती ब्रश नव्हता. त्यांनी पोतं उजेडात धरलं.

"पिवळा वाढव, बेटा. आता थेंबभर काळा."

फरहा सर्वात वरची ती एकच ओळ बदलत गेली आणि दर वेळी सगळी पानं रंग बदलत गेली.

"हाच!" शेठ ओरडले.

"चाचा, कॉम्प्युटर येते तुमाले?" प्रफुलभाऊंनी विचारलं.

"नाई बा. आपून तं दहा पाट्यांचा रंग एकाच डब्ब्यात घोटतो."

फरहाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पहिल्याच ओळीत तिने रंगाला दिलेलं नाव होतं: अब्बा-का-डब्बा.