आक्षेप मान्य

नदीपलीकडच्या तोमासाबाईंच्या पत्राला जज्ज त्रेव्हिन्यो यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचंच होतं. तुमची आई गेल्याचं कळलं, मीही आता थकले, घर आणि अंगण विकायला काढलं आहे, एकदा येऊन जा.

"हिलाही भाच्याला इकडे राहायला कागद हवे असतील," त्यांची कारकून विल्मा म्हणाली होती. "पुलापलीकडून तुम्हाला नुसती खुशाली विचारायला कोण लिहिणार?"

जज्जांना ते पटलं. त्यांनी पत्र खणात टाकलं आणि विषय संपला.

तोमासाबाई आईच्या मैत्रीण. लहानपणी जज्ज, म्हणजे तेव्हाचा आन्सेल्मो, सतत आजारी असायचा, म्हणून आईने नवस बोलला होता. दर वाढदिवसाला ती त्याला पूल ओलांडून तोमासाबाईंकडे न्यायची आणि अंगणातल्या पेरू-लिंबाशेजारच्या डाळिंबाला त्याच्या हाताने पाणी घालायला लावायची. मग मक्याच्या पानात वाफवलेले तामालेस खाऊन दोघं परत. जज्ज झाल्यावर त्यांनी जाणं सोडलं. आई एकटी जात राहिली.

टेक्ससच्या या टोकाला, जिथे नदी हीच देशाची सरहद्द, सरकारी कोर्टाचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होई. बेड्या घातलेली माणसं रांगेने उभी राहत आणि जज्ज एकेकाला विचारत, "जन्म कुठला?"

"तिकडचा, साहेब."

मग कायद्यात असेल ती शिक्षा, आणि परत पाठवणी. बाजारात त्यांना 'माघारी त्रेव्हिन्यो' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कायदा आपण केलेला नाही, एवढंच ते म्हणत.

त्या सोमवारी समोर कुको कांतू होता. शाळेची बस चालवणारा, पन्नाशीचा, नावाची पट्टी असलेला कामाचा शर्ट घालूनच आलेला. पासपोर्ट मागायला गेला आणि सरकारने उलट त्यालाच विचारलं, तू इथला कशावरून? त्याच्या जन्मदाखल्यावर सही होती सुईण डोन्या फेलिपाची. आणि नदीपलीकडे जन्मलेल्या काही मुलांना आपण इकडचे दाखले दिले होते, हे डोन्या फेलिपाने मागेच कबूल केलं होतं. तेव्हापासून तिची प्रत्येक सही संशयात होती. निकाल विरुद्ध गेला तर कुकोला बायको, घर, बस सगळं सोडून पूल ओलांडावा लागणार होता.

साक्षीला खुद्द डोन्या फेलिपा आली. नव्वदी उलटलेली, काठी टेकत. पिंजऱ्यात बसताच तिने पाण्याचा पेला मागितला आणि अर्धा शेजारच्या कुंडीत ओतला.

"प्लॅस्टिकचं आहे ते झाड," विल्मा पुटपुटली.

"तरीच," म्हातारी म्हणाली.

सरकारी वकील हॅवरकँप उठले. "बाई, इतकी मुलं तुमच्या हातून जन्मली. हा कांतू इकडचा की तिकडचा, हे तुम्हाला आज कसं आठवणार?"

"आठवायला कशाला हवं, बाळा? नाळ कुठे पुरली ते बघायचं. इकडच्या मुलांच्या नाळा माझ्या अंगणातल्या मेस्किटाच्या झाडाखाली. ह्याची तिथेच आहे. ह्याची आई तेव्हा झाडाला टेकून रडली होती. मुलगी हवी होती तिला."

कुको खाली मान घालून हसला. मागच्या बाकावर त्याच्या बायकोने डोळे पुसले.

"म्हणजे आता झाडंही साक्ष देणार," हॅवरकँप म्हणाले.

"आक्षेप," कुकोची वकील लेटिसिया बसल्या जागेवरून म्हणाली. "वकीलसाहेब साक्षीदाराची चेष्टा करताहेत."

"फेटाळला," जज्ज म्हणाले. "उत्तर द्या, बाई."

"माणसांपेक्षा बरी देतात. झाडाला कागद लागत नाही."

"आणि तिकडच्या मुलांच्या नाळा?"

"पलीकडे, माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगणात. तिकडची तीनच होती. प्रत्येकाच्या नाळेवर वेगळं झाड लावलं, म्हणजे घोटाळा नको."

"कोणती झाडं?"

"एक पेरू. तो मुलगा लहानपणीच गेला, बिचारा. एक लिंबू. ती मुलगी शिकागोला असते म्हणे."

"आणि तिसरं?"

डोन्या फेलिपाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ते नको विचारूस, बाळा. ते चांगलं फळलंय."

"बाई, तुम्ही शपथेवर आहात. तिसरं झाड कोणतं?"

"आक्षेप मान्य," जज्ज म्हणाले.

लेटिसियाने मान वर करून पाहिलं. आक्षेप कुणीच घेतला नव्हता.

हॅवरकँप जागेवरच उभे राहिले. "साहेब, कुठला आक्षेप?"

"प्रश्न कांतूच्या जन्माचा आहे. बाकीच्यांचा नाही. पुढे चला."

जेवणाच्या सुट्टीत विल्माने सूप आणून ठेवलं. ते तसंच निवलं.

"तब्येत बरी आहे ना, जज्ज? इतक्या वर्षांत तुमची एकही चूक पाहिली नव्हती मी. आज लिहूनच ठेवते."

"विल्मा, तोमासाबाईंच्या पाकिटावर पत्ता आहे का बघ."

"कोण? ती भाच्याचे कागद मागणारी?"

"तिने कागद मागितले नव्हते."

दुपारी त्यांनी निकाल सांगितला. सुईणीची साक्ष विश्वासार्ह आहे. कुको, म्हणजे कागदावरचा रेफुहियो कांतू, जन्माने इथलाच. कुकोच्या बायकोने त्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या शर्टाचं बटण तुटून कुठेतरी गेलं. नेहमी निकालानंतर जज्ज आधी उठत आणि मग सगळे. आज ते सगळ्यांत शेवटी उठले. डोन्या फेलिपा त्यांच्याकडे एकदाही न बघता काठी टेकत निघून गेली.

संध्याकाळी ते स्वतः चालत टपालपेटीपर्यंत गेले. झगा खुंटीवरच राहिला होता. हातात दोन पाकिटं होती. एक वॉशिंग्टनला, राजीनाम्याचं. ते आधी टाकलं. दुसऱ्यात तोमासाबाईंना उत्तर होतं: 'अंगण विकलंत तरी चालेल. पण मी पोहोचेपर्यंत डाळिंब तोडू देऊ नका. माझी नाळ तिथे आहे.'