तिसरी ताटली

तिसऱ्या ताटलीतल्या पेशीही मरायला लागल्या, तेव्हा पुनमनं दोष औषधाच्या बाटलीला दिला.

नांदेडच्या प्रयोगशाळेत तिनं माणसाच्या पेशींतलं एक जनुक कापून निकामी केलं होतं. तुटलेला डीएनए सांधणारं प्रथिन त्या जनुकामुळे तयार होतं. ते नसलं की औषधाच्या एका थेंबानं गुणसूत्रांचे तुकडे पडतात. पहिल्या ताटलीत जनुक कापलेल्या नुसत्या पेशी होत्या. त्या मेल्या. दुसरीत त्याच पेशींत तिच्या भावाचं, वैजनाथचं जनुक घातलं होतं. त्याही मेल्या. तिसरीत निरोगी माणसाचं जनुक होतं. त्या जगायलाच हव्या होत्या.

वैजनाथ लातूरला नीटच्या क्लासला होता. अंगावर काळेनिळे डाग उठायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. सगळ्यांनी खापर मेसच्या जेवणावर फोडलं. मग कळलं, पोराच्या हाडांतला मगजच आटत चाललाय. बहिणीचा मगज जुळला, दुसऱ्या कुणाचाच नाही. सोमवारी ती तो देणार होती. पुनम धडधाकट, आजवर तिला साधं सलाइन लागलं नव्हतं.

रोग घरातलाच होता. भूकंपात आजी-आजोबा गाडले गेले. पोरकी झालेली गुणाबाई, म्हणजे पुनमची आई, पुढं सख्ख्या मामालाच दिली. पोर घरातच राहिली म्हणून गावानं मामाचं कोण कौतुक केलं! जनुकातली तीच एक खोट नवऱ्याकडून आली आणि बायकोकडूनही. पुनमला आईबापाचा राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

तिनं नवी बाटली उघडली. सगळं पहिल्यापासून केलं. तिसरी ताटली पुन्हा मेली.

"निरोगी म्हणून नमुना कुणाचा घेतलास?" तिच्या मार्गदर्शक जेबा मॅडमनी विचारलं.

"माझा."

मॅडमनी तिसरी ताटली उजेडात धरून पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "दवाखान्याला आत्ताच कळवावं लागेल. तुझा मगज त्याला देता येणार नाही. आणि तुझीही तपासणी करू, हा रोग काहींत उशिरा उठतो."

तेवढ्यात आईचा फोन आला. मागं वैजनाथचं हसणं ऐकू येत होतं.

"पुनम, ह्यो लई खूश हाय बघ. म्हणतोय, ताईचा मगज अंगात आला की मी बी ताईसारखा होणार."

खोटं बोलावं, असं पुनमला फार वाटलं.

"न्हाई आई," ती म्हणाली, "मीच त्याच्यासारखी हाय."